सगळंच महत्त्वाचं असतं तेव्हा आधी काय करायचं?

सकाळचे सव्वासहा. सांगली जिल्ह्यातल्या एका गावातलं दूध संकलन केंद्र. दारात किटल्या आणि कॅन घेऊन पंधरा-वीस जणांची रांग. काट्यावर दुधाचं वजन होतंय, शेजारच्या यंत्रावर फॅट आणि एसएनएफचे (फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन घटकांचे) आकडे येताहेत, आणि ते आकडे आमच्या ॲपमध्ये भरले जायला हवेत. तेवढ्यात रेंज गेली. केंद्राच्या सचिवांनी मोबाईल दोनदा वर धरून पाहिला, मग बाजूला ठेवला, कोपऱ्यातल्या खोक्याचा एक पुठ्ठा फाडला आणि पेनानं लिहायला सुरुवात केली. सभासद क्रमांक, लिटर, फॅट. रांग संपल्यावर ते म्हणाले, "ताई, ॲप चांगलंय तुमचं. पण रेंज गेली की आम्ही परत पुठ्ठ्यावरच येतोय बघा."

त्या आठवड्यात आमच्या कामांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती 'व्हॉट्सॲपवर दुधाची पावती'. 'रेंज नसताना नोंद करता येणं' एकोणिसावं होतं. आणि हा क्रम कुणी मनाला येईल तसा लावलेला नव्हता. नीट गुण देऊन, गुणाकार-भागाकार करून लावला होता. शिस्तीनं वापरलेली पद्धत अशा उत्तरावर कशी पोचते, हे कळायला मला बराच वेळ लागला. त्यातून जे समजलं ते इथे सांगते. उदाहरणातले आकडे हिशोब सोपा व्हावा म्हणून मी गोल केले आहेत.

आधी थोडी ओळख. कुठलंही सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये प्रॉडक्ट मॅनेजर नावाची एक व्यक्ती असते. पुढे काय बनवायचं आणि कोणत्या क्रमानं, हे ठरवणं हा तिच्या कामाचा गाभा. मागण्या चहूबाजूंनी येतात: वापरणाऱ्यांकडून, विक्रीच्या लोकांकडून, मालकांकडून, खुद्द इंजिनिअरांकडून. त्या सगळ्या ज्या यादीत जमा होतात तिला बॅकलॉग म्हणतात. चार जणांच्या टीमला महिन्याला दोन-तीन मोठी कामं झेपतात, आणि त्याच महिन्यात यादीत दहा नवी येऊन पडतात. म्हणजे यादी कधीच संपणार नाही, हे गृहीत धरूनच बसायचं. प्राधान्यक्रम लावण्याच्या सगळ्या पद्धती या एका अडचणीतून आल्या आहेत.

तातडीचं आणि महत्त्वाचं

बहुतेकांना माहीत असलेली पद्धत म्हणजे आयझेनहॉवर यांच्या नावाचा चौकोन. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असताना १९५४ साली इलिनॉयमधल्या इव्हान्स्टन इथे केलेल्या भाषणात त्यांनी एका माजी कॉलेज-अध्यक्षांचं म्हणणं सांगितलं होतं: माझ्यापुढे दोन प्रकारचे प्रश्न असतात, तातडीचे आणि महत्त्वाचे, तातडीचे असतात ते महत्त्वाचे नसतात, आणि महत्त्वाचे असतात ते कधीच तातडीचे नसतात. पुढे स्टीफन कव्ही यांच्या १९८९च्या पुस्तकामुळे त्याचा चार घरांचा चौकोन जगभर पोचला. स्वतःचा दिवस आखायला तो उपयोगी आहे. प्रॉडक्टच्या कामाला मात्र तो लवकर अपुरा पडतो, कारण आमच्या यादीतली चाळीस कामं मागणाऱ्यांच्या मते 'तातडीचं आणि महत्त्वाचं' याच एका घरात बसतात.

चार टोपल्या

दुसरी पद्धत मॉस्को. रशियाच्या राजधानीशी तिचा संबंध नाही. मस्ट, शुड, कुड, वोन्ट या चार शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते नाव जुळवलंय. १९९४ साली ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या डाय क्लेग यांनी ती मांडली. कामांच्या चार टोपल्या करायच्या: हवंच, असायला हवं, असलं तर बरं, आणि यावेळी नाही.

ही पद्धत ऐकायला सोपी आहे आणि पहिल्याच बैठकीत फसते, कारण प्रत्येक जण आपलं काम 'हवंच'मध्ये टाकतो. त्यावर दोन उपाय आहेत. सॉफ्टवेअर बनवण्याच्या डीएसडीएम या कार्यपद्धतीनं मॉस्को उचलली, तेव्हा त्यांनी एक मर्यादा घातली: 'हवंच'मधल्या कामांना मिळून एकूण मेहनतीच्या साठ टक्क्यांहून जास्त वाटा द्यायचा नाही. म्हणजे गडबड झाली तर सोडून देण्यासारखं काहीतरी हाताशी राहतं. दुसरा उपाय म्हणजे एक प्रश्न. हे नसेल तर आपण ठरलेल्या दिवशी ॲप बाहेर काढणंच रद्द करू का? उत्तर 'काढू, थोडी अडचण होईल' असं आलं की ते काम 'हवंच' नाही. बैठकीत हा प्रश्न मोठ्यानं विचारायला धीर लागतो, विशेषतः मागणी वरिष्ठांची असेल तेव्हा. पण तो विचारल्याशिवाय या पद्धतीला अर्थ उरत नाही.

चौथ्या टोपलीकडे लोक दुर्लक्ष करतात. मला ती सगळ्यात मोलाची वाटते. २००७च्या जूनमध्ये पहिला आयफोन विकायला आला तेव्हा त्यात मजकूर कॉपी-पेस्ट करता येत नव्हता. ॲप स्टोअर नव्हतं, ते २००८च्या जुलैमध्ये आलं. थ्रीजी नव्हतं. कॉपी-पेस्ट तर जून २००९मध्ये मिळालं, पूर्ण दोन वर्षांनी. संगणकावर ही सोय वर्षानुवर्षं होती, लोक तक्रारही करत होते. तरी बोटानं चालणारा पडदा आणि नीट दिसणारं वेब, एवढ्यावर तो फोन उभा राहिला. 'यावेळी नाही' असं लिहून ठेवण्यात आणि नुसतं राहून जाण्यात फरक आहे. लिहून ठेवलेल्या नकाराला कारण असतं, आणि कारण बदललं की तो नकार मागे घेता येतो.

गुणांचा हिशोब: राइस

आता आमची यादी ज्या पद्धतीनं बिघडली तिच्याकडे येते. ती राइस नावानं ओळखली जाते आणि इंटरकॉम या कंपनीच्या प्रॉडक्ट टीमनं ती तयार करून प्रसिद्ध केली. चार आकडे लागतात. रीच म्हणजे ठरावीक काळात, समजा तीन महिन्यांत, किती जणांपर्यंत हे काम पोचेल. इम्पॅक्ट म्हणजे पोचलेल्या प्रत्येकाला किती फरक पडेल. त्यासाठी ठरलेली पट्टी आहे: खूप मोठा असेल तर ३, मोठा २, मध्यम १, थोडा ०.५, अगदी नगण्य ०.२५. कॉन्फिडन्स म्हणजे या अंदाजांवर आपला किती भरवसा आहे: शंभर, ऐंशी किंवा पन्नास टक्के. एफर्ट म्हणजे एका माणसाचे किती महिने लागतील. पहिल्या तिघांचा गुणाकार, भागिले चौथा.

आमचा हिशोब असा होता. ४० केंद्रं, ६,००० दूध उत्पादक. व्हॉट्सॲप पावती सहा हजार जणांना जाणार, फरक मध्यम म्हणून १, भरवसा ८० टक्के, मेहनत दोन महिने. ६,००० गुणिले १ गुणिले ०.८, भागिले २. गुण आले २,४००.

रेंज नसताना नोंद: ज्या केंद्रांत रेंजचा त्रास होता ती १२. ॲप हातात धरून बसणारे सचिव १२. फरक खूप मोठा म्हणून ३, भरवसा १०० टक्के, मेहनत तीन महिने. १२ गुणिले ३ गुणिले १, भागिले ३. गुण आले १२.

चोवीसशे विरुद्ध बारा. दोनशे पट. बैठकीत चर्चासुद्धा झाली नाही. एवढा फरक दिसल्यावर कोण करणार?

पुठ्ठा बघून परत आल्यावर मी तो तक्ता पुन्हा उघडला. चूक 'किती जणांपर्यंत पोचेल' या रकान्यात होती. पावतीसाठी आम्ही उत्पादक मोजले होते आणि नोंदीसाठी सचिव. पण सचिवांची नोंद अडली की त्यांच्या मागे रांगेत उभे असलेले दीडशे उत्पादक अडतात. पुठ्ठ्यावरचा आकडा नंतर ॲपमध्ये चढवताना फॅट ४.२ची ३.२ झाली तर त्या घराचे पैसे कमी होतात. म्हणजे बारा केंद्रांच्या मागे १,८०० घरं होती. १,८०० गुणिले ३, भागिले ३: गुण १,८००. एक शब्द नीट ठरवल्याबरोबर तोच हिशोब दीडशे पट बदलला.

तरीही पावतीचे २,४०० पुढेच होते. मग आम्ही भरवशाचा रकाना पाहिला. ८० टक्के कशाच्या आधारावर? किती घरांत व्हॉट्सॲप चालणारा फोन आहे, हे कुणी विचारलं होतं का? नव्हतं. एसएमएस तर आधीपासून जात होता. राइसच्या नियमाप्रमाणे नुसत्या अंदाजाला ५० टक्केच द्यायचे. ६,००० गुणिले ०.५, भागिले २: गुण १,५००. क्रम उलटला.

इथे एक रास्त आक्षेप येतो. उत्तर आवडलं नाही म्हणून आकडे बदलले, ही फसवणूक नाही का? होऊ शकते, आणि मी ती होताना पाहिलीही आहे. आपलं आवडतं काम वर यावं म्हणून लोक इम्पॅक्ट १चा २ करतात. म्हणून दोन नियम मी पाळते. 'कुणाला मोजायचं' हे गुण द्यायच्या आधी ठरवायचं आणि सगळ्या कामांना तेच माप लावायचं. आणि प्रत्येक आकड्यासमोर एका ओळीत कारण लिहायचं. "८० टक्के, कारण तीन गावांत विचारलं" असं लिहिता येत नसेल तर तो आकडा कमी करायचा. राइसचा खरा उपयोग मला इथेच दिसतो. गुणांची बेरीज-वजाबाकी फारशी अचूक नसते, पण कोण कशाला काय समजतंय, हे त्या रकान्यांत उघडं पडतं. आमची टीम सहा महिने 'वापरणारा' हा शब्द दोन अर्थांनी वापरत होती आणि कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

मेहनतीच्या रकान्याबद्दलही सावध राहावं लागतं. कामाला किती वेळ लागेल हे माणूस सवयीनंच कमी सांगतो. डॅनियल कानेमन आणि अमोस त्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली या सवयीला नाव दिलं, प्लॅनिंग फॅलसी. सिडनीचं ऑपेरा हाऊस १९६३ साली ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये पूर्ण होईल असा अंदाज होता. ते झालं १९७३ साली, १० कोटी २० लाखांत. म्हणून हा आकडा ज्यांनी काम करायचंय त्यांच्याकडूनच घ्यावा, आणि मागच्या तशाच कामाला प्रत्यक्षात किती दिवस लागले होते ते शेजारी मांडून घ्यावा.

राइसचीच एक धाकटी बहीण आहे, आइस. इम्पॅक्ट, कॉन्फिडन्स आणि ईज, म्हणजे सोपेपणा, या तिघांना एक ते दहा गुण. शॉन एलिस यांच्यामुळे ती प्रसिद्ध झाली. छोटे प्रयोग पटापट निवडायचे असतील तर पुरते.

लोकांना हवं म्हणजे नेमकं काय

गुणांच्या पद्धतीत सगळ्या गरजा एकाच जातीच्या धरल्या जातात. जपानचे प्राध्यापक नोरिआकी कानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली दाखवलं की तसं नसतं. त्यांची मांडणी मला या सगळ्यांत सुंदर वाटते, कारण ती माणसाकडे बघून सुरू होते.

काही गोष्टी असल्या तर कुणी कौतुक करत नाही, पण नसल्या तर माणूस निघून जातो. पावतीवरची फॅट आणि यंत्रावरची फॅट जुळणं ही तशी गोष्ट. काही गोष्टी जितक्या जास्त तितकं समाधान जास्त. बिल जितक्या लवकर खात्यावर तितकं बरं. आणि काही गोष्टी कुणी मागितलेल्या नसतात, पण मिळाल्या की चेहरा उजळतो. गाईच्या लसीकरणाची तारीख जवळ आली की आठवण करून देणारा मेसेज आम्ही सहज म्हणून पाठवायला लागलो, आणि लोक केंद्रावर येऊन त्याबद्दल बोलायला लागले. याखेरीज आणखी दोन प्रकार आहेत. एक, ज्यानं कुणालाच फरक पडत नाही. दुसरा, जो असल्यानं त्रास होतो. गावात सर्वात जास्त दूध घालणाऱ्यांची नावं केंद्रातल्या पडद्यावर दाखवायची, ही आम्हाला छान वाटलेली कल्पना या शेवटच्या प्रकारात गेली. आपल्या घरात किती पैसे येतात हे सगळ्या गावाला कळावं, असं बऱ्याच जणांना वाटत नव्हतं.

कोणती गोष्ट कुठल्या प्रकारची हे ओळखायला कानोंनी जोडप्रश्न सुचवले. हे असेल तर तुम्हाला कसं वाटेल? आणि हे नसेल तर कसं वाटेल? दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली की प्रकार कळतो. 'असेल तर आवडेल, नसेल तरी चालेल' हा एक सूर, आणि 'असणारच ना, त्यात काय' पण 'नसेल तर चालणारच नाही' हा पूर्ण वेगळा सूर. नुसतं 'तुम्हाला हे हवंय का' असं विचारलं तर दोन्हीकडून 'हो' येतं, आणि तिथेच आपली फसगत होते.

या मांडणीतली एक गोष्ट लोक विसरतात: प्रकार काळाबरोबर सरकतात. आज आनंद देणारी गोष्ट उद्या अपेक्षित होते आणि परवा ती नसली तर राग येतो. दूध घातल्याबरोबर मोबाईलवर आकडा येणं हे एकेकाळी अप्रूप होतं. आता दहा मिनिटं मेसेज आला नाही तर सचिवांना फोन जातो.

उशिराची किंमत

आणि आता ज्या पद्धतीशी आमची ओळख नव्हती म्हणून आम्ही एक दिवाळी घालवली, ती.

पश्चिम महाराष्ट्रात दूध संघांची एक जुनी रीत आहे. वर्षभर दहा-दहा दिवसांनी बिल मिळतं, आणि वर्षाच्या हिशोबातून प्रतिलिटर आणखी काही रक्कम दिवाळीच्या आधी उत्पादकांना दिली जाते. त्याला दूध फरक म्हणतात. दिवाळीचे कपडे, फराळाचं सामान, कुणाची मुलांची फी, बरंच काही त्या पैशांवर ठरलेलं असतं. प्रत्येक सभासदाचं वर्षाचं दूध काढून हा फरक ॲपनं मोजावा, ही मागणी आमच्या यादीत उन्हाळ्यापासून होती. राइसमध्ये तिला बरे गुण होते, पण तिच्या पुढे तीन कामं होती. आम्ही ती क्रमानं संपवली. फरकाचा हिशोब तयार झाला तेव्हा भाऊबीज होऊन आठवडा झाला होता. त्या वर्षी सचिवांनी तीनशे-तीनशे पानांच्या वह्या काढून रात्री जागून बेरजा केल्या. आम्ही बनवलेली गोष्ट चांगली होती, आणि पुढचे अकरा महिने कुणाच्याही कामाची नव्हती.

राइसमध्ये वेळेचा रकाना नाही. प्रॉडक्ट बनवण्याच्या कामाचे अभ्यासक डोनाल्ड रेनर्टसन यांनी हाच मुद्दा आयुष्यभर मांडला: एकच गोष्ट आकड्यात मोजायची असेल तर उशिराची किंमत मोजा. एखादं काम एक आठवडा लांबलं तर किती नुकसान होतं? त्या आकड्याला कामाच्या लांबीनं भागायचं आणि ज्याचं उत्तर मोठं ते आधी. यामागचं गणित जुनं आहे. कारखान्यातल्या यंत्रावर कामं कोणत्या क्रमानं लावावीत याबद्दल डब्ल्यू. ई. स्मिथ यांनी १९५६ साली ते सिद्ध केलं होतं.

करून बघू. एक मोठं काम आहे, चार आठवड्यांचं. ते नसल्यामुळे आठवड्याला ४० हजारांचं नुकसान होतंय. दुसरं छोटं, एका आठवड्याचं. त्याचं नुकसान आठवड्याला २० हजार. सहज वाटतं, ४० हजारांचं आधी उरकू. तसं केलं तर मोठ्याचे चार आठवडे, म्हणजे १ लाख ६० हजार, आणि छोटं पाचव्या आठवड्याच्या शेवटी होणार म्हणून त्याचे १ लाख. एकूण २ लाख ६०. आता छोटं आधी: त्याचे २० हजार, आणि मोठं पाचव्या आठवड्याला संपलं म्हणून त्याचे २ लाख. एकूण २ लाख २०. काम तेवढंच, माणसं तीच, फक्त क्रम बदलून ४० हजार वाचले. शेतात एकाच पंपावर दोन वावरं भिजवायची असतील तर अर्ध्या तासात भिजणारं वावर आधी उरकून घेणाऱ्याला हे कागदावर मांडून दाखवायची गरज नसते.

पण या उदाहरणात दर आठवड्याचं नुकसान सारखं धरलंय. दूध फरकाचं तसं नसतं. जुलैमध्ये उशिराची किंमत शून्य, सप्टेंबरमध्ये वाढायला लागते, दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात प्रचंड होते आणि नंतर एकदम कोसळते. अशा कामांना गुण देऊन रांगेत उभं करायचंच नाही. दिवाळीची तारीख पंचांगात बघायची आणि तिथून उलटं मोजत यायचं. तीही दरवर्षी हलते: २०२३ला दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होती, २०२५ला ऑक्टोबरच्या तिसऱ्या. तीन आठवड्यांचा हा फरक आमच्या तक्त्यात कुठेच नव्हता.

तारखेला बांधलेलं काम कधी सरकारी नियमातूनही येतं. व्यावसायिक एसएमएसचे मजकूर आधी नोंदवून घेण्याचा ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेचा नियम मार्च २०२१मध्ये प्रत्यक्ष लागू झाला, तेव्हा देशभर ओटीपी अडकले आणि काही दिवसांसाठी तो थांबवावा लागला. मेसेजचे साचे नोंदवून द्या, अशी मागणी कुठलाच उत्पादक करत नाही. राइसमध्ये अशा कामाला जवळपास शून्य गुण मिळतील. पण ते राहिलं तर सहा हजार घरांत त्या सकाळचा आकडाच पोचणार नाही. जुन्या कोडची दुरुस्ती, सर्व्हरची देखभाल, बॅकअप तपासणं, हे सगळं याच जातीचं. आम्ही आता दर महिन्यातले पाच दिवस या कामांसाठी बाजूला काढून ठेवतो, आणि त्या दिवसांवर दुसऱ्या कुणाचा हक्क नसतो.

पद्धती आणखीही आहेत. पण एकाच पद्धतीत सगळी यादी कोंबण्याचा नाद मी सोडला आहे. तारखेला बांधलेलं आधी कॅलेंडरवर जातं. जे नसलं तर लोक सोडून जातील, ते कानोंच्या प्रश्नांनी ओळखून बाजूला काढतो. उरलेल्यांना राइस, कारणांच्या ओळींसकट. आणि दर तिमाहीला टीममधलं कुणीतरी एक जण पहाटे एखाद्या केंद्रावर जाऊन दोन तास नुसता बघत बसतो. त्याचे गुण कुठल्याच तक्त्यात धरले जात नाहीत.

रेंज नसतानाची नोंद आम्ही दिली, तीन महिन्यांच्या अंदाजापेक्षा दहा दिवस उशिरा. व्हॉट्सॲप पावती 'यावेळी नाही'च्या पानावर गेली, आणि तिच्यासमोर कारण लिहिलं: "किती घरांत व्हॉट्सॲप आहे, माहीत नाही." पुढच्या हंगामात आमच्यातल्या एका मुलानं तीन गावांत घरोघरी जाऊन ते विचारलं. बहुतेक घरांत होतं, पण म्हाताऱ्यांकडे नव्हतं. मुलाकडे किंवा सुनेकडे होतं, आणि दूध घालायला येणारे बहुतेक म्हातारेच. मग पावती एका सभासदासाठी दोन नंबरांवर जाईल अशी बनवली. ही गोष्ट आधीच्या मागणीत कुठेच लिहिलेली नव्हती.